कळशीतलं पाणी कुणी ओतलं?

१

छबूबाई काष्टीकर रंगमंचावर गप्प झाल्या, तेव्हा नगरच्या त्या भरलेल्या सभागृहात आधी कुणाला काही वावगं वाटलंच नाही. बाईंचे थांबे प्रसिद्ध होते. दोन वाक्यांच्या मध्ये त्या अशा थांबायच्या, की शेवटच्या रांगेतला माणूसही खोकला आवरून धरायचा.

मग थांबा लांबला. बाईंचे ओठ हलले, आवाज आला नाही. कमरेवरच्या पितळी कळशीकडे त्यांनी असं पाहिलं, जणू कुणी परकं मूल आणून त्यांच्या कडेवर ठेवलं होतं. विंगेतून कुणीतरी पुढचं वाक्य सुचवलं. बाईंनी मान हलवली. शेवटी पडदा पडला आणि बाहेर टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांमध्ये दया होती, आणि बाईंच्या कानाला ती बरोबर कळली.

कार्यक्रम त्यांच्या सत्काराचा होता. काष्टीच्या जत्रेतल्या लोकनाट्यापासून मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीपर्यंत, तिथून सिनेमा आणि मालिकांपर्यंत झालेल्या प्रवासाचा. शाल, श्रीफळ, भाषणं झाली, आणि मग त्यांच्या गाजलेल्या ‘सावत्र विहीर’ नाटकातला एकच प्रवेश. तोच अर्ध्यावर बुडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केडगावच्या बंगल्यात, बाईंबरोबर राहणाऱ्या मुमताजमावशीनं ठेवलेला चहा गार होत होता. बाई खुर्चीत बसून होत्या. रंगमंचावर शुद्ध बोलणारी ही बाई घरात मात्र अजून काष्टीचीच होती.

“डोकं गेलं माझं,” त्या म्हणाल्या. “शब्द हुते, आन् एकदम न्हाईसे झाले. पाटी पुसल्यावानी.”

“आत्या, मी डॉक्टरांची वेळ घेतलीय,” आदिनाथ म्हणाला. तो त्यांचा भाचा. बाईंनी लग्न केलं नाही, भावाच्या या मुलालाच वाढवलं. “आणि राहुरीच्या सिनेमावाल्यांना आज संध्याकाळी कळवून टाकतो. तुला जमणार नाही म्हणून.”

बाईंनी कपावरची साय बोटानं बाजूला केली. राहुरीजवळ मुळा धरणाच्या काठी ज्याचं शूटिंग सुरू होणार होतं, त्या सिनेमात त्यांची मुख्य भूमिका होती. आयुष्यभर पडद्यावर त्या कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू झाल्या. तिशीतच त्यांना पांढरा विग चढवला गेला तो उतरलाच नाही. पहिलं नाव त्यांचं असलेला हा पहिला सिनेमा होता.

आदिनाथची मुलगी निकिता हे सगळं ऐकत मोबाईलवर कालचं चित्रीकरण पाहत होती. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, राहुरीला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी. घरात सगळे तिला ‘मॅडम’ म्हणून चिडवायचे, कारण ती दुधाचा उत्कलनबिंदूही वादात आणायची. दिवाळीच्या आधी बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दिवाळीपर्यंत जपा असं डॉक्टर म्हणाले होते. घरात त्याचं फर्मान निकितानंच काढलं होतं. थेंब कधी, पथ्य काय, सगळं तिच्या हातात. आता दिवाळी जाऊन हुरड्याचे दिवस आले होते.

तिनं चित्रीकरण मागे नेलं. पुन्हा पाहिलं. बाई लाकडी घडवंचीवरची कळशी उचलतात. कळशी कमरेशी थांबायला हवी होती. ती छातीपर्यंत उसळते. हात गोंधळतो. त्यानंतर शब्द जातात. आधी नाही, त्यानंतर.

“आत्याआजी,” निकितानं विचारलं, “कळशी हलकी होती?”

बाईंचा चेहरा आणखी पडला. “व्हय. रिकामी हुती. भरायला सांगायचंच इसरले मी. बघ की, तितंबी डोकं न्हाई चाललं.”

त्या कळशीत नेहमी खरं पाणी असायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काष्टीला विहिरीवरून भरली कळशी घेऊन येणारी पोर लोकनाट्याच्या मास्तरांनी पाहिली. तिची चाल पाहून ते बापाशी बोलायला गेले. पहिल्या प्रयोगाला छबू तीच कळशी भरून घेऊन उभी राहिली, आणि त्यानंतर कळशीच्या प्रवेशात तिनं रिकामं भांडं कधी उचललं नाही. सिनेमाच्या सेटवर लोक हसायचे. बाईंचा शकुन आहे, म्हणायचे.

निकितानं चपला घातल्या. बाई खरंच सांगायला विसरल्या होत्या का, हे एकाच माणसाला माहीत असणार होतं.

२

कानिफनाथ सभागृहात घडवंची बांधत होता. नगरच्या हौशी नाटकांचं नेपथ्य त्याच्याशिवाय उभं राहत नसे, आणि इथल्या बाईंच्या प्रयोगांचं सामानही वर्षानुवर्षं तोच मांडायचा.

“काका, काल कळशी भरली होती?”

त्यानं हातातली सुतळी खाली ठेवली. “मला वाटलंच, माज्यावर येनार म्हून. भरली हुती. या हातानं भरली. माईकच्या वायरी खाली, वर पानी, मी म्हनलं बाई, शॉक बसंल कुनाला. तर मला म्हनल्या, कानिफ, काठोकाठ भर, न्हाईतर मी आत जात न्हाई.”

“म्हणजे त्यांनी सांगितलं होतं?”

“सांगितलं काय, हुबं राहून भरून घेतली. सोताच्या हातानं तुळशीचं पान टाकलं. वर फुलपात्र झाकलं.”

बाई विसरल्या नव्हत्या. आदल्या संध्याकाळी सांगितल्याचं सकाळी त्यांना आठवलं नाही, कारण पडदा पडल्यापासून त्या स्वतःवर विश्वास ठेवायच्याच बंद झाल्या होत्या.

“मग ओतलं कुणी?”

“तेच तर.” कानिफनाथनं नजर चुकवली. “सामान मांडल्यावर जागा सोडायची नसती. मी साऊंडवाल्या अजीजसंगं चहाला गेलो बाहीर. तिसरी घंटा हुईपर्यंत. पडदा पडल्यावर कळशी उचलली तवा कळलं मला, तळाला घोटभर हुतं फकस्त. बोललो न्हाई कुनाला. रातभर डोळा न्हाई लागला, मॅडम.”

चहाची टपरी रस्त्यापलीकडे होती. टपरीवाल्याला दोघंही ठाऊक होते; कानिफनाथनं तिथं वायरींवरून भांडण उकरलं होतं, सगळ्यांना आठवत होतं.

निकिता विंगेत परत आली. कळशीची जागा विंगेच्या तोंडाशीच, तिच्यापासून दोन पावलांवर हात धुवायचं बेसिन. तिथं पाणी ओतणं सगळ्यात सोपं. बेसिनच्या जाळीत तिनं बोट फिरवलं. पान नव्हतं. मग ती सजावटीच्या कुंड्यांकडे वळली. त्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीशी मांडल्या होत्या. तिचे हात रोज मातीत असायचे. एकेका कुंडीत बोट खुपसत ती गेली. सगळ्या कोरड्या, भेगाळलेल्या. शेवटच्या कुंडीतली माती काळीभोर, ओली.

मातीला चिकटून तुळशीचं एक पान होतं.

३

“मीच ओतलं असं वाटतंय ना तुला?” मोनिकानं दार उघडताच विचारलं; कुंडीतल्या पाण्याचं तिला निकिताच्या फोनवरून कळलं होतं. “आत ये. मालिकेत मी खलनायिका आहे, लोक बसमध्ये जागा देत नाहीत. तू तर डिटेक्टिव्ह.”

मोनिका कालच्या प्रवेशात सासू झाली होती. बाईंनी पडद्यावर आयुष्यभर सासवा केल्या, म्हणून आयोजकांनी गंमत केली होती: पोरीला सासू, आणि म्हातारीला तिची रंगमंचावरची जुनी सूनच. ती सावेडीला मामाकडे उतरली होती.

“कळशीजवळ गेली होतीस?”

“गेले होते. सेल्फी काढला. हा बघ.” फोटोत घडवंचीवर कळशी होती, वर पालथं फुलपात्र, आणि कळशीच्या पोटावरचा मोठा पोचा अगदी समोर. “हात लावला नाही. एवढी जड कळशी त्या रेशमी साडीत उचलून कुंडीपर्यंत नेली असती, तर चिंब झाले असते. काढ तुझं चित्रीकरण आणि बघ, एक डाग दिसतो का.”

डाग नव्हता. निकितानं आधीच पाहिलं होतं.

“झालं? सुटले मी?” मोनिका हसली, आणि हसू मध्येच विझलं. “सुटले नाही गं. मला पुढचं वाक्य पाठ होतं. मी समोर उभी होते. ‘सूनबाई, विहिरीचं काय म्हणत होतीस?’ एवढं म्हटलं असतं तरी त्या सावरल्या असत्या. नाटकात हेच तर करायचं असतं, समोरच्याला धरायचं. मी गप्प राहिले. क्षणभर वाटलं, बघू या, एवढी मोठी बाई पडते तेव्हा कशी दिसते.” तिनं खिडकीकडे पाहिलं. “पाहिलं. आता डोळ्यापुढून जात नाही.”

निघताना निकितानं तो सेल्फी मागून घेतला. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

४

घरी आली तेव्हा बाई अंगणात पाण्याच्या झारीकडे वाकत होत्या.

“वाकू नकोस!” निकिता दारातूनच ओरडली.

“आगं, झारीच हाय, नांगर न्हाई.” तरी बाईंनी हात मागे घेतला. आज त्यांच्यात वाद घालायचंही बळ नव्हतं.

आदिनाथ आत फोन घेऊन बसला होता. सिनेमावाल्यांचा नंबर समोर होता.

“बाबा, काल तिसऱ्या घंटेआधी तुम्ही विंगेत गेला होतात.”

“गोळी द्यायला. का?”

“कळशीतलं पाणी कुणीतरी ओतलं.”

आदिनाथनं फोन उलटा ठेवला. “तुला वाटतं मी?”

“तुम्हाला त्यांनी थांबायला हवं होतं.”

“हवं होतं. अजून हवंय. मी पाचवीत असताना ही दौऱ्यावर, दहावीत असताना शूटिंगला. ताप आला की मुमताजमावशीला परत पाठवायची, स्वतः यायची नाही. म्हातारपणी तरी घरी बसेल असं वाटलं होतं.” त्याचा आवाज खाली गेला. “काल ती अडली ना, तेव्हा पहिल्या रांगेत बसून माझ्या मनात आलं, सुटलो. माझ्या आत्याचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि मी मनात म्हटलं, सुटलो. पाणी मी नाही ओतलं, निकी. पण हे ओतण्यापेक्षा बरं आहे का, सांग.”

निकिता आपल्या खोलीत जाऊन बसली.

ओतणारे बाबा असते, तर त्यांनी बेसिनमध्ये ओतलं असतं. पानाबिनाचं त्यांना कधी सोयरसुतक नव्हतं. ज्यानं ओतलं त्याला ते पाणी मोरीत जाऊ द्यायचं नव्हतं. बाईंच्या हातचं पान कुणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून तो माणूस भरली कळशी घेऊन पार भिंतीपर्यंत गेला. वाईट करायला आलेला माणूस एवढं जपत नाही.

तिनं मोनिकाचा सेल्फी उघडला. पोचा समोर. मग चित्रीकरण उघडलं आणि बाई कळशी उचलण्याच्या आधीचं चित्र थांबवलं.

पोचा नव्हता. कळशी फिरवून ठेवली होती, पोचा मागे, प्रेक्षकांना दिसू नये असा. बाईंची चाळीस वर्षांची शिस्त होती ती. घाईत कानिफकाका विसरले होते. ज्यानं रिकामी कळशी परत ठेवली, त्याचा हात मात्र विसरला नव्हता.

बाईंखेरीज ती शिस्त हातात मुरलेली माणसं दोनच होती. त्यातला एक टपरीवर भांडत होता.

५

मुमताजमावशी मागच्या खोलीत बाईंच्या नऊवारीला इस्त्री करत होती. ती बाईंची वेशभूषा सांभाळायची. दौरे, सेट, आजारपणं, सगळीकडे बाईंच्या मागे ती होतीच.

निकितानं दार लोटलं. मावशीनं वर पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

“आलीस? सकाळधरनं वाट बघतीये, कवा यील म्हून.”

“मावशी, का?”

“थोडं ठिवलं हुतं गं तळाला. शकुन मोडू नये म्हून. मला काय ठावं, बाईचे शब्द त्या पान्यात हायेत? आमी समदेच म्हनायचो, शकुन हाय. शकुनाला घोटभर पुरतं.” तिचे हात घडीवरून फिरत राहिले. “काल रंग लावताना त्यांचा डोळा लाल दिसला मला. म्हनलं, एवढी जड कळशी, हिसका बसला, टाका उसवला, तर? बाई ऐकनार न्हाईत. म्हून गुपचूप ओतली. फार तर चिडतील, शिव्या देतील, असं वाटलं. चाळीस वर्सं खाल्ल्यात शिव्या.”

“पण डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतच सांगितलं होतं. दिवाळी कधीच झाली. आता उचललेलं चाललं असतं. तुला कुणी सांगितलं—”

निकिता थांबली.

मावशीनं मान खाली घातली, जणू चूक तिचीच होती आणि उत्तर देणं म्हणजे कुणाची तरी चुगली.

निकिताला मागच्याच पडवीतली ती सकाळ आठवली. डॉक्टर दिवाळी म्हणाले होते. प्रयोगशाळेत ती सुरक्षेसाठी नेहमी थोडी जास्तीची मर्यादा ठेवायची, तशीच घरातही ठेवली. ‘मावशी, संक्रांतीपर्यंत काही उचलू द्यायचं नाही. भरली बादली नाही, भरली कळशी नाही. त्या ऐकणार नाहीत, तूच लक्ष ठेव. काही झालं तर तुला विचारीन.’ शेवटचं वाक्य तिनं बोट नाचवत म्हटलं होतं. डॉक्टरांची मुदत वेगळी आहे, हे तिनं मावशीला सांगितलंच नव्हतं.

“तू माझं नाव का नाही घेतलंस?”

“तू काळजीपोटीच म्हनालीस ना.” मावशीनं डोळे पुसले. “एकीचं डोकं गेलं म्हनत्यात, दुसरीच्या जिवाला घोर कशाला?”

बाहेरच्या खोलीतून आदिनाथचा आवाज आला. “हॅलो, राहुरीचे ना? हो, छबूबाईंकडून बोलतोय.”

६

निकिता धावत बाहेर आली. “बाबा, ठेवा फोन. थोड्या वेळानं करा. एवढंच ऐका.”

आदिनाथनं ‘परत करतो’ म्हणून फोन ठेवला. निकितानं अंगणात घडवंची मांडली. मावशीनं कळशी आणली. ती निकितानं आत नेली आणि बाहेर आणून ठेवली, वर फुलपात्र पालथं घालून, पोचा मागे.

“आत्याआजी, विहिरीचं स्वगत म्हण.”

“कशाला जखमेला नख लावतीस?”

“एकदाच. माझ्यासाठी.”

बाई उठल्या. पदर खोचला. कळशी उचलली, कमरेवर घेतली, आणि आवाज बदलला. “विहीर आपलं-परकं करत नाही, सासूबाई. दोर ज्याचा लांब, त्याला ती देते...” शब्द एकामागून एक आले. शेवटाला पाणी त्यांच्या कमरेवर सांडलं. बाई स्वतःच चकित झाल्या.

“एकदा जमलं तर योगायोगही असेल,” निकिता म्हणाली, आणि कळशी आत नेली.

दुसऱ्यांदा कळशी छातीपर्यंत उसळली. “विहीर आपलं-परकं करत नाही, सासूबाई...” आणि पुढे काही नाही. बाईंचे डोळे घाबरून भिरभिरले, कालच्यासारखेच. आदिनाथ पुढे झाला. निकितानं त्याला अडवलं, कळशी जवळजवळ ओढून घेतली आणि भरून परत आणली. बाईंनी ती घेतली. भार कमरेवर टेकला. त्यांनी डोळे मिटले, आणि अडलेल्या शब्दापासूनच स्वगत पुढे सुरू झालं. ते शेवटच्या शब्दापर्यंत पुरं झालं.

“शब्द गेलेले नाहीत, बाबा,” निकिता म्हणाली. “ते वजनाबरोबर पाठ झालेत. पहिल्या प्रयोगापासून. वजन नसलं की शरीर घाबरतं, आणि घाबरलं की वाट सुटते. हे कुणालाच माहीत नव्हतं. आत्याआजीला स्वतःलाही नाही.”

आदिनाथ पायरीवर बसला. फोन त्यानं खिशात टाकला.

बाईंनी मात्र कळशी खाली ठेवली नव्हती. “मंग काल रिकामी कुनी केली?”

मुमताजमावशीनं तोंड उघडलं.

“मी,” निकिता म्हणाली.

“आगं, हात माजा हुता—”

“हात मावशीचा होता. हुकूम माझा. डॉक्टर दिवाळी म्हणाले होते, मी संक्रांत सांगितली. माझ्या मनानं. मावशीला धमकावलं, आणि तुला विचारलंही नाही. तू काय उचलतेस, कशासाठी उचलतेस, काहीच नाही. तू मला फक्त डोळा दिसत होतीस, आत्याआजी. ऑपरेशन झालेला डोळा.” तिनं कळशीकडे पाहिलं. “सगळ्या गावासमोर तुला मी उभं केलं.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मुमताजकडे. हा थांबा कालच्यापेक्षा लांब होता, पण या थांब्यात बाईंना पुढचं वाक्य माहीत होतं, एवढं सगळ्यांना कळत होतं.

“मुमताज,” त्या म्हणाल्या, “तू माज्याशी बोलायचं हुतं. चाळीस वर्सं संगं हायेस, आन् चोरून ओततीस? आज रातीचा सैपाक मी करनार, तू बसून खायाचं. हीच शिक्षा.”

मावशी रडतरडतच हसली. “तुमच्या हातचं? लई मोठी शिक्षा हाय, बाई.”

निकिता वाट पाहत राहिली. तिच्यासाठी काहीच आलं नाही. बाईंनी कळशी कुंपणाच्या कडेला तुळशीत रिकामी केली आणि तिच्यापुढे धरली.

“राहुरीला शूटिंगला रोज तू यायचं. कळशी तू भरायची, तूच आनून द्यायची. भरलीये का न्हाई, ते मी बघनार न्हाई. मी नुसती उचलनार.”

“आणि माफ—”

“ते मला अजून ठावं न्हाई,” बाई म्हणाल्या. “आधी भर.”

निकितानं कळशी नळाखाली धरली. ती काठोकाठ होईपर्यंत नळ बंद केला नाही. मग दोन्ही हातांनी उचलून, बाईंनी घेतली होती तशी, तिनं ती कमरेवर घेतली. कळशी तिला वाटली होती त्यापेक्षा फार जड होती. पहिल्याच पावलाला पाणी हिंदकळून तिचा कुडता भिजला.

“सरळ हुबी ऱ्हा,” बाई मागून म्हणाल्या. “आन् ठिवू नको लगीच खाली.”